घंटा नसलेलं देऊळ

रविवार, संध्याकाळ.

हैदराबादच्या नारायणगुड्यात राहून इतकी वर्षं झाली, पण बिर्ला मंदिराला जायचं ते पाहुणे आले की. आज मात्र एकटाच निघालो. केशवराव कोरटकरांच्या नावाची शाळा मागे पडली, मग हिमायतनगर, लिबर्टी, आणि आदर्शनगरच्या बाजूने नौबत पहाडाचा चढ. गुडघ्यांनी कुरकुर केली, मी ऐकली नाही.

मोबाइल खाली जमा केला आणि खिसा हलका झाला. वर राजस्थानचा पांढरा संगमरवर दिवसभराचं ऊन सोसूनही तळव्यांना सुखावत होता. हे देऊळ 1976 साली खुलं झालं. आत काळ्या पाषाणातला बालाजी. उंबऱ्याशी सवयीने हात वर गेला आणि रिकामाच खाली आला. इथे घंटा नाही. ध्यानाला शांतता हवी म्हणून मुद्दामच बांधलेली नाही.

मौज वाटली. निजामाच्या काळी याच टेकडीवर नौबत झडायची, फर्मानं पुकारली जायची. म्हणून तर हिचं नाव नौबत पहाड. हुकूम ऐकवणारी टेकडी आता गप्प राहायला शिकवते.

खाली हुसेनसागर तलावातल्या बुद्धाच्या पुतळ्याभोवती दिवे लागले होते. मागणं काही सुचलं नाही. घंटा वाजवून देवाला जागं करणारे आपण. आज त्यानेच मला न बोलता जागं केलं असावं.

उतरताना गुडघे गप्प होते.