विहीणबाईंची शाळा

माझ्या मुलाची सासू मेक्सिकोची. ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात कळली तेव्हा जे प्रश्न विचारले गेले, ते वाचकांना माझ्याइतकेच ठाऊक असतील. त्यांची उत्तरे देत बसत नाही. निकाह झाला, नातू आता सात वर्षांचा आहे, एवढे सांगून पुढे जाते.

मुलगा कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहतो. सगळा शेतीचा मुलूख. द्राक्षे इतकी की तासगावची आठवण यावी. वेलींच्या रांगांमध्ये जमिनीवर कागद अंथरून त्यावर घड वाळवतात आणि बेदाणा करतात. ते घड तोडण्या-पसरण्याचे काम विहीणबाईंनी पंचवीस वर्षे केले. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातून त्या १९८० नंतर इकडे आल्या. १९८६च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना अमेरिकेत राहण्याचा हक्क मिळाला, त्यात त्यांचाही नंबर लागला. पुढे नागरिकत्व मिळाले. इंग्रजी मात्र कामापुरतेच राहिले.

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा महिना तिकडे स्पॅनिश भाषिकांच्या वारशाचा म्हणून पाळतात. २०२५च्या त्या महिन्यात मी तिथे होते. नातवाच्या बाईंनी निरोप पाठवला की, कुणाच्या आजी-आजोबांनी वर्गात येऊन मुलांना स्पॅनिशची ओळख करून द्यावी. नातवाने कुणाला न विचारता आपल्या आजीचे, अबुएलाचे, नाव देऊन टाकले.

सुनेचा चेहरा उतरला. कारण होते. त्या वर्षीच्या जानेवारीत सरकारने शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे यांना असलेले संरक्षण काढून घेतले होते. तिथे धरपकड करू नये असा आधी दंडक होता. मार्चमध्ये इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचा हुकूम निघाला. लॉस एंजेलिस भागात केवळ रंग, भाषा किंवा कामाचे ठिकाण पाहून कुणाला अडवू नये असा खालच्या कोर्टाचा आदेश होता. त्याला सुप्रीम कोर्टाने ८ सप्टेंबरला स्थगिती दिली. म्हणजे रस्त्यात स्पॅनिश बोलणे हीसुद्धा संशयाची एक खूण. सून म्हणाली, “आई, यंदा राहू दे.” विहीणबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी पिशवीत मक्याचे दाणे, तवा आणि पासपोर्ट असे तिन्ही भरून तयार होत्या. कागद जवळ बाळगून घराबाहेर पडणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुनेची भीती आजची नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियात मतदान होऊन दोन भाषांमधून शिकवण्याचे वर्ग बहुतेक ठिकाणी बंद झाले. सून तेव्हा आठ वर्षांची. तिचा स्पॅनिशचा वर्ग मोडला. वर्षभरात ती घरी आईला इंग्रजीत उत्तरे देऊ लागली. विहीणबाई मला म्हणाल्या, आणि त्याचा अर्थ सुनेनेच सांगितला, हे विशेष: “मुलगी माझ्याशी पाहुण्यासारखी बोलायला लागली.” २०१६ साली लोकांनी पुन्हा मतदान करून तो कायदा बदलला. पण सून तोवर सव्वीस वर्षांची झाली होती.

वर्गात मी मागे बसले. एकतीस वर्षे मराठी शिकवली असल्यामुळे दुसऱ्याचा तास मी जरा कडक नजरेने बघते. विहीणबाईंनी फळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलांच्या हातावर मक्याचे चार-चार दाणे ठेवले आणि म्हणाल्या, “माईस.” मग दुसरे दाणे दिले, चुन्याच्या पाण्यात शिजवून साल सुटलेले. चुन्यामुळे मक्यातले अडकलेले जीवनसत्त्व मोकळे होते. मेक्सिकोतल्या बायकांना ही युक्ती हजारो वर्षांपासून माहीत आहे. युरोपने मका नेला, युक्ती नेली नाही, आणि मक्यावर जगणारी गरीब माणसे तिकडे पेलाग्राने आजारी पडली. विहीणबाईंनी हे असे सांगितले नाही, त्यांनी दाणे हुंगायला लावले. पाट्या-वरवंट्याचे चित्र दाखवले, त्याला त्या ‘मेताते’ म्हणतात. पीठ घेऊन दोन्ही तळहातांवर टाळ्या वाजवल्यासारखी तोर्तिया थापली. आमच्या अम्मीचा तांदळाच्या भाकरीवरचा हात मला आठवला.

मग खेळ. लोतेरिया नावाचा चित्रांचा खेळ आहे, ५४ पत्त्यांचा. कोंबडा, सूर्य, चंद्र, कोळंबी. नाव पुकारले की आपल्या तक्त्यावरच्या चित्रावर घेवड्याची बी ठेवायची. दहा मिनिटांत वर्ग स्पॅनिशमध्ये ओरडत होता. चांगल्या शिक्षकाचे लक्षण मी हेच मानते. नातू तर असा बसला होता, जणू सगळा वर्ग त्याच्या घरी जेवायला आला आहे.

वस्तू दाखवून नावे सांगताना त्यांनी साखरेची पुडी उचलली. “असूकार.” पुढच्या बाकावर एक येमेनी मुलगी होती. ती एकदम म्हणाली, “सुक्कर!” आणि मागून माझ्या तोंडून निघून गेले, “साखर.” तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. शब्द आपल्याकडच्या शर्करेचा. तो इराणातून अरबांकडे, अरबांकडून स्पेनला आणि तिथून जहाजाने मेक्सिकोला गेला. स्पॅनिशमध्ये अजूनही ‘ओहाला’ म्हणतात, म्हणजे ‘असे होवो’. त्यात अल्लाहचे नाव आहे, पण बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. ग्रॅनाडाच्या मुसलमानांच्या वंशजांना स्पेनच्या राजाने १५६७ साली अरबी बोलायलाही बंदी केली होती. माणसांना पुढे देशाबाहेर काढले. शब्द मात्र राहून गेले.

त्या मुलीचे घराणेही शेतमजुरांचेच. या खोऱ्यात येमेनी आणि मेक्सिकन मजूर वेलींखाली शेजारी-शेजारी राबले आहेत. १९७३च्या द्राक्ष-संपात नाजी दैफुल्ला नावाचा तरुण येमेनी मजूर पोलिसाच्या फटक्याने मेला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत मेक्सिकन मजूर हजारोंनी चालले होते. आपल्याकडे हे नाव कुणी ऐकलेले नाही. ऐकायला हवे.

शेवटी एका मुलाने विचारले, “तुम्ही लहानपणापासून स्पॅनिशच बोलता?” विहीणबाई थांबल्या. म्हणाल्या, “नाही. माझी आई झापोतेक बोलायची. शाळेत ते बोललं की मार बसायचा. स्पॅनिश मी मार खाऊन शिकले.” वर्ग गप्प. मग त्यांनी पेल्यातले पाणी दाखवले आणि म्हणाल्या, “निसा.” मुलांनी म्हटले, निसा. स्पॅनिशचा ‘आग्वा’ त्यांनी त्यानंतर शिकवला. मेक्सिकोने २००३ साली कायदा करून अशा मूळ भाषांना राष्ट्रीय भाषांचा मान दिला. तोवर विहीणबाईंची आई गेली होती.

मी कोकणातली. घरी आम्ही बोलतो ती कोकणी मराठी. बाहेरचे म्हणतात, “तुमचं मराठी किती शुद्ध!” आपल्यातले म्हणतात, “घरात उर्दू का नाही?” दोन्हीकडे हसून गप्प बसण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उर्दूवर माझे प्रेम आहे, पण अम्मीने जात्यावर ओव्या म्हटल्या त्या मराठीत. त्या दिवशी विहीणबाईंना कुणी विचारले नाही की स्पॅनिश खरी तुमची की झापोतेक. त्यांनी दोन्ही एकाच पिशवीतून काढल्या. चावी, साबण, पगार हे आपले पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. त्यांची स्पॅनिश भावंडे यावे, हाबोन आणि पागार. रात्री जेवताना आम्ही दोघी असे शब्द जुळवत बसलो. मग मी चिकूचे नाव काढले. घोलवड-डहाणूचा आपला चिकू मूळ त्यांच्याकडचा, तिकडे त्याला ‘चिकोसापोते’ म्हणतात, हे कळल्यावर त्या टेबलावर हात आपटून हसल्या. सून अर्थ सांगता सांगता मध्येच स्वतःच स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली. विहीणबाईंनी तिची चूक दुरुस्त केली. तिने ते वाक्य पुन्हा म्हटले.

बाईंनी विहीणबाईंना दर शुक्रवारी यायला सांगितले. पण नेहमी येणाऱ्याने बोटांचे ठसे द्यावे लागतात, तो तिथला नियम. सुनेने पुन्हा हरकत घेतली, यंदाच्या वर्षी कशाला आपणहून ठसे द्यायचे? दोन दिवस घरात यावर बोलणे चालले होते. तिसऱ्या दिवशी विहीणबाई निघाल्या, सोबत मी गेले. यंत्र ठसे घेईना. द्राक्षाच्या कात्रीने आणि मातीने बोटे गुळगुळीत झालेली. आमच्याकडे रेशन दुकानात मजूर बायकांची हीच रड असते. तिथल्या मुलीने त्यांच्या बोटांना मलम चोळले, पुसले, पुन्हा दाबून पाहिले. डावा अंगठा पाचव्या खेपेला उमटला.