आठवा कॉलम

गेल्या दिवाळीपासून आमचं साप्ताहिक अर्ध्या आकारात निघतंय. मालकांनी कागदाचा हिशोब मांडला आणि तो बरोबरच होता. माझा हात मात्र अजून वळत नाही. पान लावायला बसलो की नजर सवयीने आठव्या कॉलमपर्यंत जाते आणि तिथे कागदच नसतो.

मोठ्या पानावर माझं प्रेम आहे, पण अलीकडे त्याचं जे झालं ते मला कधीच मान्य नव्हतं. वेब मशिनवर पानाची उंची सिलिंडर ठरवतो. या उंचीला म्हणतात कटऑफ. तो 546 मिलिमीटरचा असेल तर 546चाच. तो बदलायचा तर मशिनच बदलावं लागतं. रुंदी रिळाच्या हातात. त्यामुळे कागद महागला की सगळे रुंदीवर कात्री चालवतात. वॉल स्ट्रीट जर्नलने 2007 साली 15 इंचांचं पान 12 इंचांवर आणलं, आणि आपल्याकडची पानंही हळूहळू त्याच वाटेने गेली. 2019च्या अर्थसंकल्पात आयात न्यूजप्रिंटवर 10 टक्के सीमाशुल्क बसलं. पुढच्या वर्षी ते 5 टक्क्यांवर आलं, पण तोवर वाचवायची सवय लागली होती. छापील रुंदी 33 सेंटिमीटर उरली. कॉलम मात्र आठच राहिले, कारण जाहिरातीचे दर कॉलम-सेंटिमीटरवर बांधलेले.

माझं सगळं भांडण या चार सेंटिमीटरांच्याही आत आलेल्या कॉलमशी आहे. इंग्रजी मजकूर एवढ्या रुंदीत निभावतो. शब्द आखूड, आणि लांब असला तरी मशिन तो ओळीच्या शेवटी आपण होऊन तोडतं. मराठीत 'जिल्हाधिकाऱ्यांच्या' हा एक शब्द ओळ खातो. पुढच्या ओळीत 'अध्यक्षतेखाली झालेल्या' एवढंच मावतं आणि मधे बोटभर पांढरी फट पडते. तिसऱ्या ओळीत तशीच आणखी एक. आठ-दहा ओळी झाल्या की बातमीच्या मधून वरपासून खालपर्यंत पांढरा ओघळ दिसू लागतो. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण डोळा अडखळतो आणि तो बातमी सोडून देतो. खिळे जुळवणारे लोक ओळीच्या टोकाला शब्द बेधडक तोडत, आडवी रेघ टाकत. पुढे संगणक आला, श्रीलिपी आली, पेजमेकर आलं, पण देवनागरी शब्द कुठे तोडायचा हे त्या मशिनला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हीही हातानं तोडणं सोडून दिलं. मग उपाय काय, तर अक्षरं दाबायची. माझ्या मते दाबलेलं अक्षर हा वाचकाचा अपमान आहे.

मला माझ्या मथळ्यांचा गर्व आहे, तो मी लपवत नाही. एकाही अक्षराची रुंदी कमी न करता तीन ओळींत बसवलेला एककॉलमी मथळा मी कापून ठेवतो. शेजारच्या दैनिकाचं पान हातात आलं की आधी त्यातला दाबलेला मथळा शोधतो, आणि तो सापडला की बरं वाटतं. 2024 साली आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नाव मानाचं आहे, ते पूर्णच छापायचं, असा माझा आग्रह. पण 'नगर' जिथे सहज बसत होतं तिथे ते बसत नाही. त्या दिवसांत मथळ्यातला एकेक शब्द फिरवत मी रात्री घालवल्या. कुणी 'अ.नगर' करून मोकळे झाले. मला ते जमलं नाही.

मोठं पान तरी कशातून आलं? इंग्लंडमध्ये 1712 साली वर्तमानपत्रांवर मुद्रांक कर बसला, तो तावाच्या हिशोबाने. मग ताव मोठे करून कर वाचवणं आलंच. कर 1855मध्ये उठला तरी पान मोठंच राहिलं आणि साहेबाबरोबर आपल्याकडे आलं. आपल्या सरकारने 1956च्या कायद्यान्वये पानांची संख्या किमतीला बांधायचं ठरवलं, तेव्हा पुण्याचं 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1961 साली जिंकलं. पानांच्या संख्येसाठी एक मराठी दैनिक एवढं झगडलं. रुंदी गेली तेव्हा कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

मनातून मला बर्लिनर आकार हवा होता. 470 बाय 315 मिलिमीटर, हातात सुटसुटीत आणि तरीही घडी पडणारा. लंडनच्या गार्डियनने 2005 साली त्यासाठी नवी यंत्रं घेतली, आणि 2018मध्ये सोडून देऊन टॅब्लॉइड धरला. आपल्याकडे 'मिंट' 2007मध्ये याच आकारात सुरू झालं. तेही पुढे मोठ्या पानावर गेलं. दोन्ही वेळा मला वाईट वाटलं.

आमच्याकडे पानं लावायला शिकणारी मुलगी आहे. नव्या आकाराची छापील रुंदी 25 सेंटिमीटर. मी त्यात पाच कॉलम आखले. ती म्हणाली, "सर, चारच करूया ना. फटी आपोआप जातील." खरोखर गेल्या. सहा सेंटिमीटरच्या ओळीत 'जिल्हाधिकाऱ्यांच्या'नंतर आणखी दोन शब्द मावतात. पण मग दुसरीच अडचण उभी राहिली. घोडेगावच्या कांदा लिलावाची छोटी बातमी, एक नंबर, दोन नंबर, गोल्टी असे तीन भाव, एवढ्या रुंदीत चार ओळींत संपते आणि मोठ्या बातमीखाली चेपून जाते. निधनवार्तेचं तसंच. आमचा शेतकरी वाचक पहिल्यांदा तेच शोधतो. मोठ्या पानावर आठव्या कॉलमात या बातम्या एकाखाली एक उभ्या असत, आणि वाचकाला जागा पाठ असे.

मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांचं टेम्प्लेट दुसऱ्या शहरातल्या डेस्कवर ठरतं आणि इथली बातमी त्या खोक्यात भरली जाते. पूर्वी असं नव्हतं. 'ज्ञानोदय' 1842 साली आमच्याच नगर शहरात सुरू झालं. मुकुंदराव पाटलांनी 1910मध्ये सुरू केलेला 'दीनमित्र' नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून अनेक वर्षं निघत राहिला. ज्या जिल्ह्यात एका खेड्यातून साप्ताहिक निघू शकलं, तिथल्या पानाची आखणी बाहेरून येते याचा मला राग आहे, आणि तो वयाबरोबर वाढतोय.

सध्या आम्ही मधला रस्ता धरलाय. बातम्या चार कॉलमांत, आणि उजव्या कडेला एक अरुंद पट्टी, साडेतीन सेंटिमीटरची, बाजारभाव आणि निधनवार्तांसाठी. एका पानावर दोन मापं मी पूर्वी कुणाला लावू दिली नसती. पट्टीतला मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ न करता डावीकडून लावतो, म्हणजे फटी पडत नाहीत, आणि लांब शब्द ती मुलगी आडवी रेघ देऊन हातानं तोडते. 'जिल्हाधि-' इथे तोडायचा की 'जिल्हा-' इथे, यावर गेल्या अंकाच्या रात्री आमचा बराच वाद झाला. मी 'जिल्हा-'वर ठाम आहे.