टवका

घराच्या दुरुस्तीला प्रवरेची वाळू आणली होती. चाळणीवर उरलेल्या गोट्यांत लालसर गारेचा एक टवका दिसला, अंगठ्याच्या पेराएवढा. एका अंगाला शिंपल्यावर असतात तशा बारीक लाटा, आणि त्या जिथून सुटल्या तिथे इवलासा फुगवटा. नदी गोटे घासून गुळगुळीत करते. हा नेमका घाव माणसाचाच, असं माझं मन सांगतं.

प्रवरेकाठचं नेवासं म्हटलं की पैस खांब आठवतो, ज्ञानेश्वरी आठवते. तिथेच १९५४ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन सुरू केलं. नदीकाठच्या थरांतल्या गारेच्या तासण्या आणि टोचे यांची घडण इतकी वेगळी होती की तिला गावाचंच नाव मिळालं.

दगडावरचा नेमका घाव मी पाहिला तो घरीच. आमच्याकडे उन्हाळ्यात पाट्याला टाकी लावणारी बाई यायची. आजी पाटा उचलून ओट्यावर ठेवायची. बाई आधी त्यावर हातोडीने दोन-तीन ठिकाणी टकटक करायची आणि मान कलती करून ऐकायची. मग उजवा पाय दुमडून बसायची, टाकी तिरपी धरायची. मोठा घाव कधीच नाही. टिक, टिक, टिक. काळी कच उडायची, जळक्या दगडाचा वास सुटायचा, डोळे मिटले तरी तिचा हात चुकायचा नाही. एकदा शेजारच्यांचा वरवंटा तिने तसाच परत केला. “ह्यो बद्द वाजतोय, आजी. टाकी लावली तर फुटंल.” वरून त्याला चीरही दिसत नव्हती.

नेवाशाजवळच्या चिरकी ओढ्यावर पुरातत्त्वज्ञ गुड्रून कॉर्विनस यांनी १९६६ ते ६९ दरम्यान खणलेल्या जागी हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्यांच्या कर्त्यांनीही आधी दगड वाजवूनच घेतला असेल.

पुढे, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी, तांबं हाती आलं तरी नेवाशात गारेची पाती निघतच होती. गोट्याला दोन्हीकडून आलटून पालटून घाव घालून आधी कणा उभा करायचा. तो सोलून काढला की मागे सरळ धारा उरतात आणि पुढचं पातं त्याच वाटेने सुटतं. मला यातला पहिला, टाकून दिलेला कणाच फार आवडतो.

आमचा पाटा आता मोरीजवळ आहे. सकाळी त्यावर पाणी पडतं आणि टाकीवाल्या बाईने पाडलेल्या प्रत्येक खाचेत एकेक थेंब बसतो.