बिनपावतीची सायकल

मागचं चाक २८ चं, पुढचं २६ चं. हँडल नळाच्या पाइपाचं. सीट चिंध्यांची. ब्रेक म्हणजे माझी टाच. देगलूरच्या आमच्या वाड्यात १९७८ च्या पावसाळ्यात ही सायकल उभी राहिली. उभी म्हणजे भिंतीला टेकून. स्टँड तिला कधीच नव्हतं.

हौस म्हणून केली नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. ४ ऑगस्टला आमच्याच जिल्ह्यात, टेंभुर्णीला, पोचिराम कांबळेंना मारलं. खेड्याखेड्यातून बातम्या येत, निम्म्या खऱ्या, निम्म्या कानगोष्टी. कुणाचं घर जाळलं, कुणाचं दळण बंद केलं, कुणाची पाण्याची वाट अडवली, हे जाऊन, विचारून, वहीत लिहून आणायला हवं होतं. एसटी डांबरी सडकेवर सोडायची. पुढं पाय. एका भाड्याच्या दुकानात गेलो, पैसे मुठीत. मालकानं नाव विचारलं, वाडा विचारला. ‘सायकली नाहीत.’ समोर सहा उभ्या!

मग आम्ही तिघं भंगारात शिरलो. भंगारवाला भाव मराठीत सांगायचा, चिडला की तेलुगूत. फ्रेम मिळाली ती खालच्या सांध्याला मोडलेली. पितळेची झाळ मारून घेतली. छर्रे रॉकेलात धुतले. ग्रीस मागून आणलं. खरी जिरली ती पुढच्या चाकात. सायकलच्या पुढच्या चाकाला आरे ३२, मागच्याला ४०. आम्हाला हब मिळाला पुढचा, ३२ भोकांचा, आणि रिम मिळाली मागची, ४० ची. मिस्त्री म्हणाला, ‘बसणार न्हाई.’ बसवली. दर चार आऱ्यांनंतर एक भोक रिकामं, अशी आठ भोकं सोडली. चाक डुलायचं. चिमट्याला खडू धरायचा, चाक फिरवायचं, खडू लागेल तिथं पलीकडच्या बाजूचा आरा आवळायचा. दोन रात्री कंदिलाच्या उजेडात हेच. तरी लचकत राहिलंच.

सीटसाठी चामडं आणलं तर माय भडकली. ‘छप्पन साली सोडलेलं पुन्हा घरात कामून आणायलास?’ म्हटलं, माय, हे बाजारातलं कमावलेलं कातडं हाय. चामड्याचा काय गुन्हा? गुन्हा ते आपल्यावर लादणाऱ्याचा. भांडलो. ऐकली नाही. पोत्यात चिंध्या कोंबून तिनं सीट गच्च शिवली, एका बाजूची वीतभर शिवण तेवढी मोकळी ठेवली. पावसात भिजली की दोन दिवस वाळायची नाही. आणि पुढचं चाक लहान, म्हणून बसणारा कायम पुढं झुकलेला. बाप म्हणाला, ‘तुला सदा उतारच की रं!’

एका गावाहून परतताना सांजच्याला शिपायानं अडवलं.

‘कुणाची रं?’

‘माझी.’

‘पावती?’

दोस्तहो, पावती कुठली असणार? आमची किलोवर आलेली. वहीत त्या दिवशीची अकरा घरांची नावं होती. ती नावं त्याच्या हाती पडून गावात परत गेली असती तर? आणि वही होती मायनं सोडलेल्या शिवणीच्या आत, चिंध्यांत.

मी पुढच्या चाकापासून सुरू केलं. हब कुठला, रिम कुठली, फ्रेम कुठं मोडली होती, झाळ कुणी मारली. ‘भोकं मोजा साहेब, आठ रिकामी हायती. अशी कुणाची असती तर गावानं वळखली असती.’

त्यानं खरंच मोजली. चाक फिरवत, बोट ठेवून. मग हसला. पिशवी उलटी केली. भाकरीचा तुकडा पडला. सीटवर एक थाप मारली. ‘हे काय रं?’

‘गोधडी हाय साहेब. मायनं शिवलीय.’

‘जा.’

वळणापर्यंत मी बसलो नाही, सायकल हातानंच ढकलत नेली. पाय थरथरत होते. वही ओली झाली होती, तीन नावं पुन्हा जाऊन विचारावी लागली.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा सायकल नव्हती. फ्रेम त्याच सांध्याला पुन्हा मोडली आणि किलोवर आलेली किलोवरच गेली. सीट तेवढी मायनं काढून घेतली. ती होती तोवर चुलीपुढं बसायला तीच घ्यायची.