पूल बुजला, बोअर चालूच आहे



गेल्या एप्रिलमध्ये आमच्या शिवारातल्या एका फार्महाऊसचा स्विमिंग पूल तोडून बुजवला गेला. बौद्धवाडीतल्या काही तरुणांनी त्याचे व्हिडिओ स्टेटसला ठेवले. कुणी लिहिले, 'पाणीचोरांना दणका'. एकाने तर निळा झेंडा टाकून 'क्रांती' असा शब्द वापरला. हा राग मला कळतो. तो खोटा नाही. पण ज्याला आपण विजय म्हणतो आहोत तो विजय आहे का, हे तपासल्याशिवाय झेंडा लावू नये.

आधी वस्तुस्थिती. तो पूल आपल्या मोर्चामुळे बुजला नाही, ग्रामपंचायतीच्या ठरावामुळे नाही आणि कोणत्याही कायद्यामुळेही नाही. मालक म्हातारे झाले, मुले परदेशात गेली, वर्षातून चार दिवसही कुणी पोहत नव्हते. फिल्टरची मोटर, क्लोरीन, साफसफाई, गळती यांचा खर्च मात्र बारा महिने. त्यात मार्च संपला की बोअरचे पाणी खाली जाते. जागा आता लग्नकार्यासाठी भाड्याने द्यायची म्हणून तिथे लॉन हवे होते. मालकाला पूल नकोसा झाला, म्हणून त्याने तो काढला. निर्णय त्याचा होता, वेळही त्याचीच होती.

कर्जत-खालापूर हा काही वाळवंटाचा मुलूख नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिवपुरी आणि खोपोलीची वीजकेंद्रे शंभर वर्षांपासून घाटमाथ्यावरून खाली सोडलेल्या पाण्यावर चालतात. तेच पाणी पुढे पेज आणि पाताळगंगेला मिळते. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे आणि ते नवी मुंबईची तहान भागवते. तरीही होळी झाली की आमच्या वाड्यांमधल्या बाया हंडे घेऊन उतार उतरू लागतात. भूगोलाच्या पुस्तकात याचे उत्तर आहे : काळा कातळ, तीव्र उतार, पाणी थांबत नाही. ते खरे आहे, पण अर्धेच. त्याच कातळावर, त्याच उतारावर, त्याच एप्रिल महिन्यात शेजारच्या कुंपणाआड पूल काठोकाठ भरलेला असतो. कातळ जात पाहत नाही, पण खोल बोअर मारायला पैसा लागतो आणि बोअर मारायला स्वतःची जमीन लागते. या जिल्ह्यात जमीन कुणाकडे होती आणि कुणाला ती नाकारली गेली, हे खोतीचा इतिहास माहीत असलेल्या तरुणाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते उगाच नव्हे.

आता पूल बुजवतात कसा, ते सांगतो. माझा चुलतभाऊ या कामावर मजूर होता, मीही दोन-तीन दिवस तिथे जाऊन पाहिले. मालकाचे म्हणणे होते, पाणी काढा आणि वरून माती लोटा. ठेकेदार अनुभवी होता, त्याने ऐकले नाही. तळ न फोडता माती भरली तर पावसाळ्यात आत पाणी साचते आणि वरची जमीन चिखलासारखी डुलत राहते. नुसता रिकामा ठेवला तर आणखी वाईट. जुलैमध्ये जमिनीतले पाणी वर येते, खालून दाब देते आणि रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाऊन तडकते. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत हेच काम करताना बहुधा उलटी अडचण असते, तिथे भराव दाबून बसवायला माती मुद्दाम ओली करावी लागते. आपल्याकडे सगळी घाई मृगाच्या आधी काम संपवण्याची.

म्हणून आधी ब्रेकरने तळाला ठिकठिकाणी भोके पाडली. भिंतींचा वरचा दोनेक फुटांचा भाग तोडून तोच राबिट आत ढकलला. फरशा निघाल्या, पाइप आणि लोखंड भंगारात गेले. मग खाली डबर, त्यावर मुरूम, फूटभराचा एकेक थर पाणी मारून, दाबून बसवलेला. सर्वात वर दोन फूट माती. असा भराव एक-दोन पावसाळे खचत राहतो, म्हणून त्यावर पक्के बांधकाम करायचे नसते. लॉन चालते.

हे सगळे सुरू होण्याआधी पूल रिकामा करायचा होता. पूल साधारण दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी सव्वा ते दीड मीटर खोल. म्हणजे ७० हजार लिटरच्या आसपास पाणी. दहा हजार लिटरचे सात टँकर. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. चाळीस घरांच्या, दोनशे माणसांच्या वाडीचा हा सहा दिवसांचा हिशेब झाला. शिवाय एवढ्या उघड्या पाण्यातून उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर जरी वाफ होऊन गेली, तरी अडीचशे लिटर होतात. म्हणजे एका कुटुंबाचे रोजचे पाणी कुणीही न वापरता हवेत जात होते.

वाडीतल्या चार बाया फाटकावर गेल्या. पिण्यासाठी नव्हे, क्लोरीनचे पाणी पिऊ नये हे त्यांनाही कळते. दोन घरकुलांचे बांधकाम चालू होते, त्यावर मारायला पाणी हवे होते. संडासाला हवे होते. दोन दिवस मोटर थांबवा, आम्ही पिंपे आणतो, एवढेच मागणे. फाटकावरचा गडी आमच्यासारखाच गरीब. "ताई, मी काय करू, मालकाला विचारतो," म्हणाला आणि फोन लावला. पलीकडून उत्तर आले, खराब पाणी आहे, कुणाला काही झाले तर माझ्यावर येईल. संध्याकाळपर्यंत सगळे पाणी ओढ्यात सोडून दिले. दगडांवरून वाहत गेले आणि दुसऱ्या दिवशी ओढा पुन्हा कोरडा.

त्या माणसाने शिवी दिली नाही, जात विचारली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणूनच हा प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे. त्या फार्महाऊसवर माझी आई पूर्वी कामाला जायची. पुलाच्या कडेला पाटी होती, 'फक्त पाहुण्यांसाठी'. आई त्या फरशा घासायची, पण उन्हातान्हात पाय बुडवायची मुभा नव्हती. पाटीवर कोणत्याही जातीचे नाव नव्हते. गरजच नव्हती. कोण पाहुणा आणि कोण कामाला, हे इथे जन्माआधीच ठरलेले असते. अपवाद निघतील, पण अपवाद दाखवून नियम झाकता येत नाही.

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा त्याला कुलाबा म्हणत. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचे ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले आणि १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगत नाही. सवर्ण मंडळी न्यायालयात गेली तेव्हा त्यांनी केवळ धर्माचा आधार घेतला नाही. तळे आमच्या खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असा त्यांचा दावा होता. दहा वर्षे खटला चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो दावा फेटाळला गेला. तळे नगरपालिकेचे ठरले होते आणि वहिवाट सिद्ध झाली नाही.

'खासगी' हा शब्द लक्षात ठेवा. संविधानाच्या कलम १५(२) ने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करायला मनाई केली. पण त्या विहिरी आणि तलाव शासनाच्या पैशाने चालणारे किंवा लोकांसाठी वाहिलेले असले पाहिजेत. कुंपणाआडचा पूल त्यात येत नाही. आणि पुलाखालचे पाणी? १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क मानला गेला. इंग्रज गेले, खोत गेले, हे कलम राहिले. ज्याची जमीन त्याचे पाणी, मग ते पाणी शेजारच्या वाडीच्या विहिरीखालून सरकत का आलेले असेना. जे महाडला हरले, ते जमिनीखाली टिकून राहिले.

'पूल बुजला की समता आली' असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतले एक उदाहरण पाहावे. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे सार्वजनिक पोहण्याचे तलाव वेगळे होते. न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा शहराने तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी आपले सार्वजनिक तलाव चालवणेच बंद केले. काळ्या नागरिकांनी दाद मागितली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला : सगळ्यांनाच बंद, म्हणजे भेदभाव नाही! ज्यांच्याकडे पैसा होता ते घरामागच्या खासगी पुलात पोहत राहिले. म्हणून प्रश्न पूल बुजला की नाही एवढाच नसतो. तो कुणाच्या निर्णयाने बुजला आणि पाणी कुणाच्या ताब्यात राहिले, हे विचारावे लागते.

आपल्या शिवारातले उत्तर सरळ आहे. पूल बुजला, बोअर चालूच आहे. आता तिच्यावर लॉन भिजते. सकाळ-संध्याकाळ फवारे सुरू असतात.

काही जण म्हणतील, तुम्हाला श्रीमंतांचे पोहणे खुपते. अजिबात नाही. पोहणे ही चांगली गोष्ट आहे आणि ती आपल्या मुलांनाही यायला हवी. आमची मुले उल्हास आणि पाताळगंगेच्या डोहात स्वतःच शिकतात. ना शिकवणारा, ना दोर. तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक तलाव असावा, तिथे आदिवासी वाडीतल्या आणि बौद्धवाडीतल्या मुलीही पोहायला शिकाव्यात, ही मागणी आपण का करू नये? हौस फक्त पैसेवाल्यांनी करावी आणि आपण फक्त हंड्यापुरते मागावे, ही शिकवण बाबासाहेबांची नाही. महाडला गेले ते तहान भागवायला नव्हे, समतेचा हक्क प्रस्थापित करायला.

मग करायचे काय? लास व्हेगास वाळवंटात आहे आणि चैनीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्याच्या क्लार्क काउंटीनेसुद्धा २०२२ मध्ये नव्या घरगुती पुलांना ६०० चौरस फुटांची मर्यादा घातली. आमच्याकडचा पूल त्या मर्यादेतही बसला असता. मुद्दा आकाराचा नाही, मोजणाऱ्याचा आहे. तिथे सार्वजनिक संस्था मोजते, इथे कुणीच मोजत नाही.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम आहे. त्यात विहिरींच्या नोंदणीची आणि पिण्याच्या सार्वजनिक स्रोतांच्या संरक्षणाची तरतूद आहे. ती आपल्या गावात कुठपर्यंत पोहोचली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या ग्रामपंचायत हद्दीत किती फार्महाऊस, किती बोअर, किती पूल, याची यादी स्वतः फिरून करा. १ मे च्या ग्रामसभेत ती वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. उन्हाळ्याचे तीन महिने पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क, पूल आणि लॉन नंतर, असा ठराव मांडा. कुणी हा खासगी मामला आहे म्हणाला, तर त्याला महाडचा खटला सांगा. आणि हे काम एकट्या बौद्धवाडीचे समजू नका. ठाकूरवाडी, कातकरवाडी, गावातला छोटा शेतकरी, ज्याची विहीर मार्चमध्ये आटते तो प्रत्येकजण आपला सोबती आहे.

स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते. इतिवृत्तातली नोंद राहते, आणि उद्या न्यायालयात तीच उभी करता येते.

जय भीम! जय संविधान!