बागेतले भाताचे खाचर

बोर्ली पंचतनचा माझा शाळासोबती नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. गेल्या मे महिन्यात त्याच्याकडे जाण्याचा योग आला. क्योतोला फुशिमी इनारीच्या देवळात लाल कमानींखालून डोंगर चढलो. इनारी हे मूळचे भाताचे दैवत. तिथल्या एका दगडी कोल्ह्याच्या तोंडात भाताची लोंबी पाहून हात आपोआप जोडले गेले.

पुढे बुलेट ट्रेनने ओकायामाला गेलो. तिथली कोराकुएन बाग सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १७०० साली पुरी केली. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान हिच्याच धर्तीवर आहे. तळी, हिरवळ, चहाचा मळा आणि बागेतच भाताची खाचरे! दर जूनमध्ये तिथे पारंपरिक पोशाखात, गाणी म्हणत लावणी होते.

मित्र बांधाशी उकिडवा बसला.

"आमच्या खाचराला गिऱ्हाईक बघ, असं तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "राहू दे. यंदा चुलतभावाला लावायला सांग."

रोहिणी नक्षत्रावर मी गावी परतलो. चार वर्षे पडीक असलेल्या त्या खाचरासाठी आम्ही कर्जत-३ चा तरवा पेरला.

शेतकरी बंधूंनो, शहराने जे तीनशे वर्षे जपले, ते आपण तरी का सोडावे?