बल्लारपूरच्या किल्ल्यात झालेली भेट

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या प्रवाशाला बल्लारपूर हे गाव बहुधा गाडीच्या खिडकीतूनच ठाऊक असते. गाडी बल्लारशाह स्थानकात थांबते, लोक उतरून चहा घेतात, बाटल्या भरतात आणि गाडी पुन्हा दक्षिणेकडे निघते. काझीपेठ ते बल्लारशाह हा लोहमार्ग १९२९ साली पूर्ण झाला आणि दिल्ली व मद्रास ही दोन शहरे या वाटेने थेट जोडली गेली. तेव्हापासून हे गाव उत्तर आणि दक्षिण यांच्या वाटेवरचे मोठे ठाणे झाले. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही येथे मुद्दाम उतरलो. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी, हैदराबादला राहणारी आमची मुलगी आणि तिची आठ वर्षांची कन्या. आईची पहिली शाळा पाहावी, अशी नातीची हौस होती. मला मात्र किल्ला पाहायचा होता. त्यामागचे कारण मी कोणाला सांगितले नव्हते.

स्थानकावर उतरताच नात थबकली. भिंतींवर वाघ, हरणे, पक्षी आणि सागवानाचे अरण्य रंगविलेले आहे. स्थानिक कलावंतांच्या या कामामुळे २०१८ साली रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन्ही स्थानकांना पहिले पारितोषिक मिळाले. माझ्या काळी या भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्यांखेरीज दुसरे रंगकाम नव्हते.

बँकेने माझी बदली बल्लारपूर शाखेत केली ती १९९३ साली. आम्ही मूळचे सांगलीकडचे. नकाशावर गाव शोधताना पत्नीचा चेहरा उतरला होता. परंतु गावाने आम्हांला लवकरच सामावून घेतले. येथे कोणी एका मुलखाचा नाही. कागद कारखाना, कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि लाकडाचा व्यापार, या चार धंद्यांनी चहूकडची माणसे येथे आणून वसविली. आमच्या काउंटरवर मराठी, हिंदी, तेलुगू आणि बंगाली या भाषा एका सकाळीच कानी पडत. बांबूने भरलेले ट्रक कारखान्याच्या दिशेने रांगेने जात आणि वारा फिरला की लगद्याचा उग्र वास घरात येई. वन विभागाच्या आगारात सागवानाचा लिलाव असला म्हणजे गुजरात-राजस्थानकडचे व्यापारी येत. त्यांत आपल्या समाजाचेही असत. पुढे २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी येथूनच सागवान गेले, ही बातमी वाचून मला जुन्या गावाचा अभिमान वाटला.

गावाचा किल्ला वर्धा नदीच्या काठी आहे. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने हे गाव वसविले आणि त्याच्याच नावावरून ते ओळखले जाऊ लागले. राजाच्या अंगावर गाठी व फोड होते. राणीच्या सल्ल्याने तो नदीपलीकडचे शिरपूर सोडून या तीरावर राहावयास आला. पुढे शिकारीत तहान लागली असता झरपट नदीच्या खळग्यातील पाण्याने त्याने तोंड धुतले आणि व्याधी नाहीशी झाली, म्हणून तेथे चंद्रपूर वसले, अशी आख्यायिका सर्वतोमुखी आहे. राजधानी चंद्रपूरला गेली आणि बल्लारपूरच्या वाट्याला तट-बुरूज तेवढे राहिले. परस्परांशी काटकोनात असलेले दोन दरवाजे अजून शाबूत आहेत. नदीच्या बाजूस आणखी एक लहान दरवाजा आहे. आतील वाडे केव्हाच जमीनदोस्त झाले. जोत्यांच्या खुणा तेवढ्या दिसतात. तटावर उभे राहिले की खाली वर्धेचे पात्र आणि पलीकडे राजुऱ्याचा मुलूख दिसतो. हीच वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीला जाते.

आता त्या दिवसाविषयी. १९९४ च्या जानेवारी महिन्यातील शनिवार होता. माझी थोरली बहीण, आमची अक्का, आणि दाजी सांगलीहून आले होते. भद्रावतीच्या पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे, ही अक्काची फार दिवसांची इच्छा. भद्रावती बल्लारपूरहून सुमारे ४० कि.मी. सूर्यास्तापूर्वी परतून जेवण उरकायचे, म्हणून दुपारच्या आत निघावयाचे ठरले. मी रजा घेतली होती.

नेमकी त्याच दिवशी आमच्या मुलीच्या शाळेची सहल होती, चंद्रपूरला. मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. स्वभाव इतका भिडस्त की घरी पाहुणे आले तर ती आईच्या पदराआड उभी राही. पहिलीत असताना सहलीच्या दिवशी तिने रडून घर डोक्यावर घेतले होते. या वेळी ती जाण्यास तयार झाली होती; परंतु आत्या आलेली पाहून तिचा निश्चय डळमळला. सकाळी बूट घालताना तिने विचारले, ‘‘मी गेल्यावर तुम्ही कुठे जाणार?’’

मी म्हणालो, ‘‘कुठे नाही. आम्ही सगळे घरीच आहोत. तू ये मजा करून.’’

‘‘खरंच?’’

‘‘खरंच.’’

पत्नीने माझ्याकडे पाहिले. पण ती काही बोलली नाही. तिचे लक्ष डब्याकडे होते. पुऱ्या, सुकी चटणी, गुळाची वडी. ‘‘कुणी बटाट्याची भाजी दिली तर घेऊ नकोस; आणि घेतली नाहीस म्हणून कुणाला नावं ठेवू नकोस,’’ एवढे तिने दोनदा बजावले. मुलगी माझ्या शब्दावर निश्चिंत होऊन गेली. मलाही बरे वाटले. लहान मुलाला घराबाहेर काढण्यासाठी इतके बोलावेच लागते, असे मी मनाशी म्हटले.

भद्रावतीस जाण्यापूर्वी दाजींना किल्ला दाखवावा म्हणून दहाच्या सुमारास आम्ही चौघे तेथे गेलो. दरवाजातून आत शिरतो तोच शिट्टी ऐकू आली. समोरून गणवेशातील मुलांची रांग येत होती, दोन-दोन मुले हात धरून. चंद्रपूरची बस आलीच नाही, म्हणून बाईंनी मुलांना गावातलाच किल्ला पायी दाखविण्यास आणले होते, हे नंतर कळले. मी रांगेकडे कौतुकाने पाहत होतो. तिसऱ्या जोडीत माझीच मुलगी होती.

तिने आम्हांला माझ्या आधी पाहिले असावे. ती रडली नाही, धावली नाही. आईच्या नव्या साडीकडे तिने पाहिले, अक्काच्या हातातील पूजेच्या पिशवीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. ‘‘बाबा, तुम्ही घरी होतात ना?’’ एवढेच तिने विचारले.

बँकेत मी अनेक कठीण प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. तपासणी अधिकाऱ्यांपुढे कधी माझी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी मी काहीतरी पुटपुटलो. पत्नी पुढे झाली. ‘‘अहो, बाईंना विचारा. आता भेटलीच आहे तर नेऊ या तिला बरोबर. आत्याबरोबर दर्शनही होईल.’’ बाई भल्या होत्या. पालकांनी चिठ्ठी लिहून दिली तर नेता येईल, असे त्या म्हणाल्या. मी खिशातून पेनही काढले. खरे सांगावयाचे तर तिला बरोबर नेले म्हणजे सकाळचे बोलणे आपोआप पुसले जाईल, असा माझा हिशेब होता.

मुलीने तिच्या जोडीदारिणीकडे पाहिले. ती रेल्वेत काम करणाऱ्या एका तेलुगूभाषक कुटुंबातील मुलगी. तिला मराठी नुकते येऊ लागले होते. दोघींचे हात अजून गुंतलेलेच होते.

‘‘मी गेले तर हिचा हात कोण धरणार?’’ मुलगी म्हणाली. ‘‘सगळ्यांच्या जोड्या झाल्यात.’’

बाई म्हणाल्या, ‘‘मी धरीन की.’’ मुलीने मान हलविली. ‘‘नको. आम्ही दोघी मिळून डबा खाणार आहोत. ती माझ्यासाठी बिनबटाट्याचं खाणार आहे.’’ मग तिने आत्याला वाकून नमस्कार केला, जसा घरी करीत असे, आणि रांग पुढे गेली. पदराआड लपणारी ती मुलगी वळूनही पाहीना. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. अक्का म्हणाली, ‘‘अरे, तुझी लेक मोठी झाली.’’ आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, ‘‘तू तिला सांगितलं नव्हतंस होय, आपण जाणार ते?’’

भद्रावतीला दर्शन झाले. काळ्या पाषाणातील ती भव्य मूर्ती, प्रांगणातील शांतता, सारे काही होते. परंतु माझे मन किल्ल्याच्या दरवाजातच राहिले होते. आपण लहान मुलांना सत्य शिकवितो, व्रतांची नावे पाठ करून घेतो. व्यापारी घरात तर दिलेला शब्द हीच पत असते, हे आपण तिसऱ्या पिढीलाही ऐकवितो. पण घरातल्या सर्वांत लहान माणसाला दिलेला शब्द मात्र आपण शब्दांत धरीत नाही. तो पाळला नाही म्हणून कोणी दावा लावणार नसतो.

त्या रात्री मी मुलीला जवळ घेऊन सांगितले की, मी सकाळी खरे बोललो नाही, ती माझी चूक होती. ती ‘‘हं’’ म्हणाली आणि झोपी गेली. पुढच्याच रविवारी आम्ही तिला भद्रावतीस नेले. माझ्या मते हिशेब पुरा झाला. तरी त्यानंतर कित्येक महिने मी काहीही सांगितले की ती ‘‘खरंच?’’ असे विचारी आणि उत्तरासाठी माझ्याकडे न पाहता आईकडे पाही.

तीस वर्षांनंतर त्याच दरवाजात आम्ही पुन्हा उभे होतो. नात तटाच्या दगडांवरून हात फिरवीत होती. मी मुलीला म्हणालो, ‘‘इथेच तू आम्हांला पकडलं होतंस. आठवतं?’’

‘‘आठवतं ना, बाबा.’’

‘‘मी तुला खोटं सांगितलं होतं. ते मला अजून बोचतं.’’

ती हसली. म्हणाली, ‘‘तेवढंच नाही. तुम्ही गेल्यावर माझ्या मैत्रिणीनं विचारलं, ‘तुझे आई-बाबा घरी आहेत म्हणाली होतीस ना?’ मी तिला सांगितलं, ‘बाबांना अचानक बँकेचं काम निघालं.’ मग बाईंनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. दिवसभर मला भीती वाटत होती की बाई तुम्हांला विचारतील आणि तुम्ही वेगळंच काही सांगाल.’’

मी काही बोलू शकलो नाही. कर्जदाराने पैसे भरले नाहीत म्हणजे बँक जामीनदाराच्या दारी जाते. माझ्या शब्दाला त्या दिवशी सात वर्षांची मुलगी जामीन राहिली होती. बापाची पत राखण्यासाठी तिने आपल्या पदरचे दोन वेळा भरले होते आणि मी मात्र एका रात्रीच्या कबुलीने खाते बंद झाले, असे समजून इतकी वर्षे निश्चिंत होतो. तिने मला हे कधी सांगितले नाही. मीही तिला कधी विचारले नाही की त्या दिवशी पुढे काय झाले.

ऊन कलू लागले. नातीला नदीकडचा लहान दरवाजा दिसला होता. तिला तेथून खाली पाण्यापर्यंत जायचे होते. आमची परतीची गाडी संध्याकाळची, आणि पत्नीचे गुडघे दुखत होते. नातीने माझा हात ओढला. ‘‘आजोबा, आपण जाऊ या ना!’’

‘उद्या जाऊ’ हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते. किती सोपे असतात ते!

‘‘आज जमणार नाही, बाळ,’’ मी म्हणालो. ‘‘आणि उद्या आपण इथे नसू.’’

ती रुसली. स्थानकापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. गाडी सुटताना मात्र तिने विचारले, ‘‘पुन्हा कधी येऊ?’’ मी जरा विचार केला आणि ‘‘ते मला आज सांगता येणार नाही,’’ असे उत्तर दिले. तिने आपल्या आईकडे पाहिले. आईने मान हलविली, ‘‘आजोबा खरं सांगतायत.’’ मग ती खिडकीशी जाऊन बसली आणि भिंतीवरचे वाघ मागे पडेपर्यंत मोजीत राहिली.